ओराइ म्हणणारं कुणीतरी

अरुंधती देवस्थळी जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या खालच्या तळ्याकाठी बाकावर बसली की तिला आजूबाजूचं भान राहत नसे. बदकं पायाशी येत, पाव मिळण्याची लक्षणं नाहीत असं पाहून निघून जात. एकदा सुकन्या पेठेनं पलीकडच्या काठावरून तिला हात केला, दोन हाका मारल्या आणि उत्तर येईना तेव्हा घरी जाऊन चारजणींना फोन लावले. "अरुंधतीचं काहीतरी बिनसलंय गं. एकटीच हसत बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली." सुकन्याचे डोळे म्हणजे बॉबलिंगेन आणि पंचक्रोशीतल्या मराठी बिऱ्हाडांचा आकाशवाणी विभागच. त्यामुळे संध्याकाळपर्यंत पद्माकरला ऑफिसात कळलं की आपली बायको बदकांशी बोलते.

बदकांशी नव्हे, ती शब्दांशी बोलत होती.

पुण्यात कर्वे रोडवरच्या एका क्लासात अरुंधती कितीतरी वर्षं जपानी शिकवत होती. संध्याकाळच्या बॅचला जागा मिळावी म्हणून इंजिनिअर पोरं वशिला लावत. आणि त्या बॅचचा सगळ्यात लाडका तास म्हणजे इंग्रजीतून जपानात गेलेल्या शब्दांचा. बाई खडू हातात घेऊन सांगायच्या की बाबांनो, तिथं कुणी तुम्हाला स्मार्ट म्हटलं तर हुरळून जाऊ नका, ते तुमच्या अकलेबद्दल बोलत नाहीत, तुम्ही बारीक आहात एवढंच म्हणताहेत. सर्व्हिस म्हणजे भाजीवाल्यानं वरून फुकट टाकलेली कोथिंबीर. कनिंग म्हणजे परीक्षेतली कॉपी. "आणि कॉपी म्हटलेलं तरी कुठल्या साहेबाला कळतंय?" असं म्हणून बाई स्वतःच हसायच्या. वायकिंग म्हणजे ताट घेऊन रांगेत उभं राहून हवं तेवढं वाढून घ्यायचं जेवण. हे ऐकून मागच्या बाकावरचा एखादा डोक्यावर शिंगं धरून, हातात काल्पनिक ताट घेऊन उभा राहायचा, आणि तास संपायचा.

मग पद्माकरला इकडं नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड जर्मनीत आलं. पद्माकर गाड्या मागं घेताना पीप-पीप करणाऱ्या सेन्सरवर काम करी. स्पृहा, त्यांची मुलगी, तेव्हा लहान होती. आता ती मराठी ऐकायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आणि अरुंधती? अरुंधती इथं 'फ्राउ देवस्थळी' झाली, म्हणजे पद्माकरची बायको.

तळ्याकाठी तिला एक स्वप्न पडे, जागेपणीच. परदेशी लोकांना राहायचा परवाना देणाऱ्या ऑफिसातला लांब व्हरांडा आहे. लाकडी बाकांवर शब्द बसलेत, हिवाळी कोट घालून, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन. मॅन्शन नावाचे एक म्हातारे जमीनदार आहेत. मायदेशी त्यांना बागा होत्या, नोकरचाकर होते, जपानात त्यांना दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणून काम मिळालंय. (गिरगावात त्यांचेच एक चुलतभाऊ होते, अरुंधतीच्या मावशीचं बिऱ्हाड तिथंच होतं. नाव मॅन्शन, आणि नळ बाहेर.) शेजारी टेन्शनबाई. आपल्याकडं त्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, टोकियोत गेल्यावर कळलं की तिथं टेन्शन चढलं म्हणजे माणूस खुशीत आला, तेव्हापासून बाई लिपस्टिक लावायला लागल्या. आणि अगदी कोपऱ्यात एक अस्सल जर्मन गृहस्थ, आर्बाइट. घरी मोठा दबदबा, आर्बाइट म्हणजे काम, घाम, निष्ठा. जपाननं त्यांना 'आरुबाइतो' करून कॉलेजच्या पोरांची सुट्टीतली फुटकळ नोकरी देऊन टाकली. दार उघडतं. आतून हाक येते. प्रत्येकाला विचारतात, तिकडं काय करत होता? इथं काय करणार? आणि सगळ्यांच्या शेवटी अरुंधतीचा नंबर लागतो. तिकडं काय करत होता? बाई होते, ती म्हणते. इथं?

इथवर आलं की स्वप्न मोडे. बदकं गेलेली असत.

फुटबॉलच्या वर्ल्डकपचा उन्हाळा सरला, घराघरांवरचे झेंडे उतरले, आणि त्या प्रश्नाला अचानक उत्तर सापडलं. शोनबुखच्या जंगलापलीकडच्या एका गावात प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेला जपानी शिकवायला कुणीतरी हवं होतं. तिथले इंजिनिअर जपानच्या वाऱ्या करत, त्यांना चार वाक्यं यायला हवी होती. शाळेच्या बाईंना अरुंधती फार पसंत पडली. एकच अडचण होती. तास संपायच्या आत जंगलातून परतणारी शेवटची बस निघून जायची.

"गाडी चालवता ना?" बाईंनी विचारलं.

"चालवते की," अरुंधती म्हणाली. खोटं नव्हतं. पुण्यात तिची मारुती होती. पण भारतातलं लायसन्स इथं चालण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. नव्यानं परीक्षा द्यायची, तीही वसंतातलं सत्र सुरू व्हायच्या आत. नाहीतर तो वर्ग श्टुटगार्टच्या कुणा दुसऱ्या बाईंना जाणार होता.

थिअरी तिनं फडशा पाडल्यासारखी उरकली. बाईच त्या, परीक्षा त्यांना काय नवी? मग हेर (म्हणजे श्रीयुत) बॉयर्ले आले. ड्रायव्हिंग शिकवणारे हे श्वाबी, म्हणजे इथल्याच श्वाबेन मुलखातले गृहस्थ मिशीतल्या मिशीत बोलत, तेही गरजेपुरतं. अरुंधतीनं ओळख वाढवावी म्हणून त्यांना आर्बाइटची जपानी गोष्ट सांगितली. सिग्नल लाल होता म्हणून बरं. बॉयर्ले तिच्याकडं वळले.

"फुटकळ काम? आर्बाइट?"

"हो. कॉलेजच्या मुलांचं."

"आमच्या श्वाबेनमध्ये नाही," ते म्हणाले, आणि पुढचे दोन चौक त्यांना ते लागलं होतं.

पुढं जाणं तिला उत्तम येई. घाट, गोल चौक, आउटोबानचा महामार्ग, सगळं. घोडं पेंड खाई ते मागं येण्यात. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत रिव्हर्समध्ये गाडी शिरवायची वेळ आली की अरुंधती अर्ध्यावर यायची आणि थांबायची.

"का थांबलात?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. पहिल्या परीक्षेच्या दिवशी माहीत झालं, पण त्याची किंमत मोजून. लिंडेनच्या झाडांची शांत गल्ली. शेजारी बॉयर्ले, मागच्या सीटवर परीक्षक. निळी व्हॅन आणि करडी गाडी यांच्यामधली जागा. रिव्हर्स टाकला, स्टेअरिंग फिरवलं, अर्धी गाडी आत आली आणि अरुंधती थांबली. कसली तरी वाट बघू लागली. समोरच्या घरात एक आजी खिडकीत उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून सगळं बघत होत्या. बघत होत्या फक्त. तोंडातून अवाक्षर नाही. आणि तेवढ्यात आरशात अरुंधतीला एक हॅटवाले गृहस्थ दिसले. फुटपाथवर वाकून उभे, हात पुढं, पंजा आत हलतोय. ये, ये, ये. अरुंधतीच्या अंगातून सुटकेची एक लाट गेली. ती निर्धास्त मागं आली. आणखी आली. मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि हॅटवाल्यांचा तपकिरी कुत्रा त्यांच्या पायांत शिरला.

ते कुत्र्याला बोलावत होते.

"डांके," परीक्षक म्हणाले. म्हणजे धन्यवाद, म्हणजे नापास. झालं.

हे सुकन्याला कोणी सांगितलं, ते आजतागायत कळलेलं नाही. पद्माकर शपथेवर सांगतो की त्यानं नाही. पण मराठी मंडळाच्या दिवाळीला फराळाच्या टेबलापाशी सुकन्यानं सगळ्यांदेखत विचारलंच, "अगं अरुंधती, कुत्र्याला हाक मारली नि तू गेलीस म्हणे?" आणि चकली मोडत पुढं, "आमच्या ह्यांना मी गेली वीस वर्षं हाका मारतेय, कधी आले नाहीत. तुला माझ्याकडं ठेवून घेते."

अरुंधतीही हसली. पण घरी येताना ती गाडीच्या काचेवर धरलेली वाफ बोटानं पुसत होती.

"अहो," ती म्हणाली, "पुण्यात मी गाडी मागं कशी घ्यायचे हो?"

"कशी म्हणजे? घ्यायचीस."

"नाही. मी नव्हतेच घेत." आणि मग तिला ते सगळं ऐकू आलं. रिव्हर्सचा गिअर टाकायचा अवकाश, सोसायटीचा वॉचमन स्टूल सोडून धावे. इस्त्रीवाला गरम इस्त्री उभी करून हात दाखवी. समोरच्या बाल्कनीतले बनियनमधले अप्पा वरून सूत्रं हलवत. येऊ दे, येऊ दे, डावीकडं तोड, अजून तोड, येऊ दे, येऊ दे... बस्स! गाडी अरुंधतीची, पण मागं न्यायची ती अख्खी गल्ली. मान वळवून बघायची वेळच कधी आली नव्हती. "इथं कुणी येऊ दे म्हणत नाही हो," ती म्हणाली.

"म्हणून तर आम्ही सेन्सर बनवतो," पद्माकर फुशारला. "माणूस लागतोच कशाला? पीप, पीप, पीऽऽप."

"तुमचं यंत्र नुसतं भीती घालतं. थांब, थांब, आता मेलीस. ये म्हणून कधी म्हणालंय का ते?"

 पुढं कितीतरी दिवस पद्माकर ऑफिसात मध्येच काम थांबवून खिडकीबाहेर बघत असे म्हणतात.

वरच्या मजल्यावर मोरिशिता-सान, म्हणजे जपानच्या मोरिशिताबाई, राहत. सत्तरीच्या, चिमणीएवढ्या, मुलाकडं राहायला आलेल्या. दोघींची ओळख झाली जिन्यात. श्वाबेनमधला जिना आठवड्याला एकेका बिऱ्हाडानं झाडायचा असतो, दाराला तशी पाटी लागते, आणि पाटी लागली की देवही सुटत नाही. अरुंधती पायऱ्या पुसत असताना वरून जपानीत आवाज आला, "अहो, त्या कोपऱ्यात राहिलं." तिनं जपानीतच "माफ करा" म्हटलं, आणि मोरिशिता-सान पायरीवर मटकन बसल्या. त्या दिवसापासून झाडायची पाळी कुणाचीही असो, झाडू दोघींचे चालत.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पद्माकर बाजारातून आला आणि गाडी अंगणात मागं घेऊ लागला. बाल्कनीत उशा झटकणाऱ्या मोरिशिता-सान थांबल्या. हातातला अभ्रा निशाणासारखा हलवत त्यांनी वरून सुरू केलं, "ओराइ, ओराइ, ओराइ..." आवाज एवढासा, पण सूर पक्का. पद्माकरला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. तो आरशात न बघता, सेन्सरची पर्वा न करता, चेहऱ्यावर पुण्यातलं ते जुनं हसू घेऊन मागं येत राहिला. "...सुतोप्पु!" थांबला. भिंत हातभर दूर.

अरुंधती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ओराइ. ऑल राइट. हा शब्द तिनं किती वर्षं फळ्यावर लिहिला होता. इंग्रजांकडून निघाला, जपानात पोचला, आणि तिथं त्याला काम काय मिळालं? मागं येणाऱ्या गाड्यांना ये म्हणायचं. व्हरांड्यातल्या बाकावरचा तो एकटाच असेल, जो आत जाताना हसत गेला.

संध्याकाळी चहा घेऊन ती वर गेली. मोरिशिता-सान खुशीत होत्या, जपानी अर्थानं टेन्शन चढलेलं होतं.

"ओराइ म्हणायला आज पहिल्यांदाच मिळालं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पेट्रोलपंपावरची पोरं म्हणतात. मी नुसती ऐकायची."

"तुम्ही गाडी चालवायचात?"

मोरिशिता-साननी पर्स उघडून लायसन्स पुढं केलं. कडेला सोनेरी पट्टी होती. "ही कधीही अपराध न करणाऱ्याला मिळते. मी अपराध करणार कसा? पेपर ड्रायव्हर ना मी." पेपर ड्रायव्हर म्हणजे कागदावरचा चालक, लायसन्स आहे, गाडी नाही, हिंमत नाही, काहीतरी नाही. "दर खेपेला नवं करून घेतलं, आरुसान. फोटोत केस पांढरे होत गेले तेवढे. यजमान म्हणायचे, उद्या शिकवतो. मी वाट बघायची. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली." त्यांनी चहा संपवला. "वाट बघायला मला फार छान येतं. सोनेरी पट्टी त्याचीच आहे."

अरुंधतीनं ते लायसन्स हातात धरलं. त्यातली बाई तिच्याकडं अगदी शिस्तीत बघत होती.

दुसरी परीक्षा फेब्रुवारीत ठरली. शाळेच्या बाईंचा फोन येऊन गेला होता; त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की श्टुटगार्टच्या बाई तयार आहेत. म्हणजे आता हे शेवटचं. घरात पद्माकरनं योजना आखली. "ती लिंडेनची गल्ली ठरलेली आहे. मी झाडामागं उभा राहतो. लाल जॅकेट घालतो, आरशात दिसेल. हातानं येऊ दे करतो."

"पापा, बिट्टे!" स्पृहानं कानांवर हात ठेवले. "दास इस्ट सो पाइनलिख!"

"बघा, पोरीला लाज वाटते," अरुंधती म्हणाली. "तुम्ही येऊ नका. खरंच येऊ नका."

"बरं," पद्माकर म्हणाला, इतक्या गरीब आवाजात की कुठल्याही बायकोनं ओळखावं.

त्या सकाळी धुकं होतं. गल्ल्या अर्ध्या पुसल्यासारख्या दिसत होत्या, झाडं नुसती त्यांची चाहूल असल्यासारखी. परीक्षक तेच. बॉयर्ले मिशी चावत होते. लिंडेनच्या गल्लीत परीक्षकांनी मागून सांगितलं, "इथं, रिव्हर्समध्ये." खिडकीत उशी होती, उशीवर आजी होत्या, जागेच्या मागं तीच करडी गाडी होती. अरुंधतीनं गिअर टाकला, स्टेअरिंग फिरवलं, अर्धी गाडी आत आली.

आणि आरशात, धुक्यात, झाडामागून एक लाल ठिपका बाहेर आला. हात वर झाला. येऊ दे, येऊ दे. किती ओळखीचा हात तो. त्या हातानं बोलावलं म्हणून ती पुण्याहून इथवर आली होती. आत्ताही तिच्या पायानं ब्रेक सोडलाच होता.

पण पद्माकर रस्त्याच्या पलीकडं होता. तिथून त्याला मागची करडी गाडी दिसतही नव्हती. लाखो गाड्यांना मागचं दाखवणारा तिचा नवरा भलतीकडंच हात हलवत होता, जीव तोडून.

अरुंधतीनं आरशावरून नजर काढली. मान वळवली, पूर्ण, खांद्यावरून, परीक्षकांच्या कानापलीकडं. मागच्या काचेतून करडी गाडी दिसली, तिचा दिवा दिसला, मधली जागा दिसली. अगदी स्वच्छ, जणू तेवढ्यापुरतं धुकं कुणी पुसलं होतं. आणि बाईंचा तो कर्वे रोडवरचा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज गाडीत घुमला.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडं तोड. ओराइ, ओराइ, ओराइ..." गाडी आत आली. "बस्स!"

गाडी थांबली. फुटपाथशी सरळ.

मागच्या सीटवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग परीक्षकांनी विचारलं, "फ्राउ देवस्थळी, आपण कुणाशी बोलत होता?"

"माझ्याशीच."

"आल्झो, असं होय. आणि तो झाडामागचा लाल जॅकेटवाला माणूस?"

अरुंधतीनं आरशात पाहिलं. पद्माकर अजून हात हलवत होता.

"मी नाही ओळखत त्यांना," ती म्हणाली.

बॉयर्लेंच्या मिशीत काहीतरी हललं. परीक्षकांनी खाली मान घालून लिहिलं. आणि लायसन्सचं ते गुलाबी कार्ड तिच्या हातात आलं. पद्माकरला आता मंडळात कुणीही भेटलं की आधी विचारतात, "काय देवस्थळी, घरी ओळखतात का हल्ली?"

मार्चमध्ये अरुंधती शोनबुखच्या जंगलातून एकटी गाडी घेऊन गेली. बीच वृक्षांच्या ओल्या खोडांमधून रस्ता निघत होता आणि दिव्यांच्या उजेडात धुकं उठून बाजूला होई, तास सुरू होताना पोरं उठावीत तसं. वर्गात आठ थोराड जर्मन माणसं बसली होती. तिनं खडू घेतला. स्मार्ट, सर्व्हिस, कनिंग, टेन्शन. आर्बाइटचं काय झालं ते सांगितलं तेव्हा दोघं गंभीर झाले, एक जण डोळ्यांत पाणी येईतो हसला. वायकिंगला कुणी शिंगं करून दाखवली नाहीत, पण शेवटच्या रांगेतल्या टकल्या गृहस्थाला तसा मोह झालेला तिला दिसला. सगळ्यात शेवटी तिनं ओराइ लिहिला.

"हा मात्र वाचून येत नाही," ती म्हणाली. "हा उभं राहून म्हणायचा असतो."

तास संपला. बाहेर वाहनतळावर तिची गाडी भिंतीकडं तोंड करून उभी होती, मागं घेऊनच बाहेर काढायची. तिनं इंजिन सुरू केलं, रिव्हर्स टाकला, मान वळवली. मागच्या काचेत आठ लांब कोट ओळीनं उभे होते. त्या देशातली माणसं, जी खिडकीतून नुसती बघतात.  मग टकल्या गृहस्थानं इकडं तिकडं पाहून हळूच हात उचलला.

"ओराइ?"

मग शेजारच्यानं. मग सगळ्यांनी, जाड, अडखळत्या, पहिल्या दिवशीच्या आवाजात. ओराइ, ओराइ, ओराइ. हात धुक्यात हलत होते. कुणाचा कशाशी मेळ नव्हता, दोघं तर चक्क उलट्या दिशेला बोलावत होते.

अरुंधतीला सगळं नीट दिसत होतं. कुठं वळायचं, किती वळायचं. तरी तिनं काच खाली केली, थंडी आत येऊ दिली आणि त्यांच्या आवाजावर अगदी सावकाश मागं येत राहिली. कुणीतरी घाबरून फार लवकर "हाल्ट!" ओरडलं. अजून हातभर जागा होती. ती हातभर आली, आणि "बस्स" तिनं स्वतःच म्हटलं.